बाहेरून पाच, आतून सात

३० जून, रविवार

मला बोलायची बंदी झाली आहे म्हणून लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही. हौस तर नाहीच.

गुरुवारी स्वरयंत्रावरची गाठ काढली. साधी निघाली. डॉक्टर नयना म्हणाल्या, दोन आठवडे एकही शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजीने घसा जास्त ताणतो. मी खुणेने विचारलं, कामाचं काय? त्या म्हणाल्या, "करा ना काम. तोंड बंद ठेवून करतात की लोक." गाठ का झाली तेही सांगितलं. इतकी वर्षं पंपांशेजारी उभं राहून ओरडल्यामुळे. गुरुप्रसाद माझ्या बाजूच्या खुर्चीत होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दिवसभरात जे बोलायचं असतं ते साठत जातं आणि संध्याकाळी डोकं दुखतं. म्हणून ही वही. रोज लिहीन असं नाही. गुरुप्रसादांनी कार्फूरच्या दुकानातून लहान मुलांची पुसता येणारी पाटीही आणली आहे. गुलाबी. दुसरा रंग नव्हता म्हणे. माझा विश्वास नाही.

१ जुलै, सोमवार

ऑफिसला गेले. सगळे फार शांतपणे काम करत होते. माझ्याशिवाय अडत असणार.

आमचा मालक कुणाल वयाने माझ्या मुलीएवढा. म्हणाला, "मॅडम, समैस्माच्या फॅक्टरीचं इन्स्पेक्शन दुसऱ्या कुणाला देऊ का? तुम्ही रेस्ट घ्या." मी पाटीवर लिहिलं, "नाही." त्याने विचारलं, मग तिथे लोकांशी बोलणार कोण? मी खालची ओळ लिहिली, "चैत्राली बोलेल. सही माझी." त्याला पटलं. निदान तो हसला.

चैत्राली आमच्याकडे तीन वर्षं आहे. वडील मूळचे नाशिकचे, गॅस कंपनीत. ती दोह्यातच वाढली. मराठी बोलते, पण निम्मे शब्द इंग्रजी. अल सद्दला आमच्याच इमारतीत राहते, म्हणून घरी मी 'काकू' आणि कामावर 'मॅम'. हात चांगला आहे. पण विचार करताना गाते. हजारदा सांगितलं, गाऊ नकोस, आकडे चुकतील. आता सांगता येणार नाही.

३ जुलै, बुधवार

समैस्माला जाऊन काम पाहून आलो. खजुराचा कारखाना आहे. खजूर शिजवून, गाळून, आटवून त्याची काकवी करतात. इथे तिला दिब्स म्हणतात. मालकीण हनिया. चाळिशीची असेल. वडील गेल्या वर्षी गेले आणि कारखाना तिच्याकडे आला. चुलत भावांना तो बंद करून जागा भाड्याने द्यायची आहे. ही म्हणते, एक हंगाम तर करू द्या. हे सगळं तिने पहिल्या कॉफीतच हिंदीत सांगितलं. हिंदी लहानपणी आयांकडून आणि टीव्हीवरून शिकली म्हणे. व्याकरण आमच्या कुणालपेक्षा बरं.

अडचण एकच आहे. बॉयलरची वाफ साठवून कारखान्याला पुरवणारी टाकी जुनी. वडिलांनी ती वापरलेली विकत घेतली होती. विमा कंपनी म्हणते, पूर्ण पत्र्याची जाडी मोजून द्या, नाहीतर टाकी बाद. नवी मागवली तर यायला हिवाळा उजाडेल. खजूर तेवढं थांबत नाही. या महिन्याच्या मध्यालाच पहिले ट्रक येतील. टाकी गेली की हनियाचा हंगाम गेला, आणि हंगाम गेला की चुलत भाऊ जिंकले.

मी पाटीवर लिहिलं, "टाकी काय आहे ते टाकीच सांगेल." आमचा मुकादम निवृत्ती शेजारी होता. त्याने वाचून हनियाला हिंदीत सांगितलं, "मॅडम बोल रही है, सब अच्छा होगा इन्शाल्ला."

मी असं लिहिलं नव्हतं.

४ जुलै, गुरुवार

निवृत्ती बीड जिल्ह्यातला. आमच्या परांच्या बांधतो, पत्र्यावरचं वेष्टण उतरवतो, पत्रा घासून देतो. काम चोख. बायको-मुलं गावी. आज त्याने आणि त्याच्या माणसांनी टाकी उघडी केली. आडवी, लांबट, घरच्या कुकरचा कुणी अवाढव्य पूर्वज असावा तशी.

उन्हाळ्यात दहानंतर उघड्यावर काम करायला बंदी असते, म्हणून पहाटेच लागतो. सातच्या सुमाराला दोघं जण परांचीवर टेकून उभे दिसले. मी लिहिलं, "खांबासारखे उभे राहू नका. हात चालवा." पाटी निवृत्तीकडे दिली. त्याने वर पाहून आवाज दिला, "मॅडम पूछ रही है, चाय पिया क्या?"

मी पाटीवर टकटक केलं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही निस्ता हात करा, मी समजतो. समदं लिवलेलं सांगायचं नसतं बगा."

चहा आला. सगळे प्यायले. मलाही दिला. काम ठरल्यापेक्षा लवकर संपलं. कारण कळलं नाही. पत्रा कमी गंजलेला असावा.

५ जुलै, शुक्रवार

सुट्टी. सकाळी उपमा केला. गुरुप्रसाद बशीकडे बघत म्हणाले, "सुहास, एक सांगू? मला उपमा आवडत नाही."

मी पाहतच राहिले. पाटी स्वयंपाकघरात होती. ते पुढे बोलत राहिले. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी केला तेव्हा पहिल्यांदा खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि मग प्रत्येक शुक्रवारी खात आले. मध्ये सांगायला संधीच मिळाली नाही. मग त्यांनी उठून स्वतःसाठी थालीपीठ थापलं. थापता येतं हे मला माहीत नव्हतं. खमंग झालं होतं. मग ते कितीतरी वेळ बोलत होते. नोकरीतल्या पहिल्या साहेबाबद्दल, बोटीतून मासे धरायला गेले होते त्याबद्दल, आमच्या अंतराच्या जन्माच्या दिवशी ते दवाखान्याच्या चुकीच्या मजल्यावर दोन तास दुसऱ्याच कुणाच्या नातेवाइकांबरोबर पेढे खात बसले होते त्याबद्दल. हे शेवटचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

निवृत्त झाल्यापासून त्यांना कंटाळा येत असणार. नाहीतर एवढं बोलले नसते.

७ जुलै, रविवार

मोजणी सुरू. पण सुरू होण्याआधीच तमाशा.

आमचं काम सोपं असतं. पत्र्याला बाहेरून प्रोब टेकवायचा. तो आत आवाज सोडतो, माणसाला ऐकू न येणारा. आवाज पत्र्याच्या दुसऱ्या बाजूवर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून मीटर जाडी सांगतो. अट एकच, प्रोब आणि पत्रा यांच्यामध्ये हवा नको. म्हणून मध्ये जेल लावतो. जेल नाही तर आकडा नाही.

तर कारखान्याचा हायजीन ऑफिसर इनायत दारातच जेलची बाटली घेऊन बसला. लेबल दोनदा वाचलं. "मॅडम, ये फूड फॅक्टरी है. जो चीज खा नहीं सकते, वो अंदर नहीं जाएगी."

मी पाटीवर मुद्दे लिहू लागले. टाकी वाफेची आहे, तिचा खजुराशी संबंध नाही, वगैरे. तो प्रत्येक ओळ मान डोलवत वाचायचा आणि म्हणायचा, "बिल्कुल सही. लेकिन अंदर नहीं जाएगी." अशा माणसावर ओरडावंच लागतं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

चैत्राली तेवढ्यात आत जाऊन वाटी घेऊन आली. वाटीत काळी दाट काकवी. "इनायतभाई, ये तो खा सकते है ना?" त्याने बोट बुडवून चाखली. "माशाल्ला, इसी फॅक्टरी की है."

तिने ती पत्र्यावर लावली, प्रोब टेकवला. बारा. पुढे सरकवला. बारा. स्वच्छ, स्थिर आकडा. आमच्या जेलने उन्हात इतका वेळ कधी टिकाव धरला नव्हता. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. खरं म्हणजे नियमात कुठेही लिहिलेलं नाही की काकवी चालत नाही.

तासाभरात माश्या आल्या. मग एक मांजर आलं आणि खालच्या रांगेतले मोजून झालेले ठिपके एकेक करून चाटून साफ करत गेलं. निवृत्ती म्हणाला, "मॅडम, ह्याला पगारावर घ्या, लय नीट पुसतंय." सगळे हसले. मी हसले नाही. मांजराला परांचीखालून दोनदा हुसकलं. तिसऱ्यांदा राहू दिलं.

८ जुलै, सोमवार

वाईट दिवस.

वाफ जिथून टाकीत शिरते त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला आकडा पाच आला. पत्रा मुळात बारा मिलिमीटरचा. नऊच्या खाली गेला तर टाकी चालत नाही. एकदाच नाही, हातभर जागेत सगळीकडे पाच.

हे मी आयुष्यात अनेकदा पाहिलं आहे. वाफेबरोबर पाण्याचे थेंब येतात आणि समोरच्या भिंतीवर आदळून ती झिजवतात. वाफ शिरते त्याच्या समोर पातळ म्हणजे झीज. दुसरं काही असूच शकत नाही.

विमा कंपनीचे अरुणकुमार आले होते. कोइमतूरचे, सभ्य, घडीचे कपडे. त्यांनी मीटर पाहिला, "सॉरी मॅडम" म्हणाले आणि खिशातून लाल पट्टी काढून टाकीला बांधली. हनिया लांब उभी होती. ती फोनवर कुणाशी तरी जोरात बोलत आली, फोन कानापासून दूर धरून तिने मला विचारलं, "मॅडम, खलास? फायनल?"

मी लिहिलं, "टाकी बाद. नवी घ्या." मराठीत, कारण हात त्याच भाषेत पटकन चालतो.

निवृत्तीने पाटी पाहिली. हनियाकडे पाहिलं. म्हणाला, "मॅडम बोल रही है, अभी आधा हुआ है. परसों फायनल."

मी परांचीच्या पाइपावर पाटी आपटली. हनियाला वाटलं, मी ठासून सांगते आहे. "शुक्रन, शुक्रन मॅडम," म्हणाली आणि फोनवर कुणाला तरी अरबीत ठणकावून गाडीत बसली. तिच्या आवाजात जोर आला होता.

गाडीत मी निवृत्तीला तीन पाट्या भरून सुनावलं. त्याने तिन्ही वाचल्या. म्हणाला, "बरोबर हाये मॅडम तुमचं. पण बाई फोनवर भावासंगं बोलत व्हती. त्याच्यासमोर कसं सांगायचं?"

घरी येऊन इंग्रजीत सरळ ईमेल लिहिली. पाठवणार तेवढ्यात चैत्राली खालून आली. "मॅम, त्या साइडचे पॉइंट्स अजून निम्मेच झालेत. अर्धवट मोजणीवर रिपोर्ट जात नाही, हा तुमचाच रूल आहे."

माझाच आहे. ईमेल पाठवली नाही. पण आकडे काही बदलणार नाहीत.

९ जुलै, मंगळवार

धुळीचं वारं. परांचीवर चढता आलं नाही. दिवसभर घरी. डोळ्यांपुढे ती लाल पट्टी. बाईला खोटी आशा लावून ठेवली आहे आणि जबाबदारी माझी.

गुरुप्रसादांनी विचारलं, काय झालं? मी पाटीवर टाकीचं चित्र काढून समजावलं. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "तू आत जाऊन पाहिलंस का?" मी मान हलवली. आत काय पाहायचं? मोजमाप बाहेरून होतं, हाच तर आमच्या कामाचा फायदा. ते म्हणाले, "मी आपलं विचारलं. मला त्यातलं कळत नाही."

कळत नाहीच.

१० जुलै, बुधवार

हे सविस्तर लिहायलाच हवं.

पहाटे चैत्राली उरलेले ठिपके मोजत होती. मी खाली, सावलीत. ती गात होती. अचानक गाणं थांबलं. मग तोच सूर पुन्हा, तिथूनच. पुन्हा थांबलं. मी वर पाहिलं. ती प्रोब एकाच जागी मागेपुढे सरकवत होती. एरवी मी खालून ओरडले असते, "पाच आलं ना? खूण कर आणि खाली उतर." आज गप्प राहण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून चढून गेले.

"काकू, बघा ना." कामावर काकू म्हणाली. "इथे बारा. आणि एक बोट सरकवलं की डायरेक्ट पाच. मधलं काहीच नाही. ना अकरा, ना नऊ, ना सात. झीज अशी असते का? झीज तर हळूहळू उतरत जायला पाहिजे ना, बीचवर पाणी उतरतं तशी?"

मी प्रोब तिच्या हातातून घेतला. माझ्या हातातही बारा. एक बोट. पाच. पुन्हा. वरच्या कडेला तसंच, डाव्या कडेला तसंच. सुरीने कापल्यासारखी कड.

मी लिहिलं, "मॅनहोल उघडा."

बंद टाकीत शिरायचे नियम कडक असतात. हवा तपासायची, परवाना घ्यायचा आणि बाहेर दारात एक माणूस ठेवायचा. त्याने आतल्याशी सारखं बोलत राहायचं. उत्तर आलं नाही तर धावपळ. चैत्राली आत जाणार, मी दारात, असं ठरलं आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. निवृत्ती म्हणाला, "मॅडम, तुमी दारात कशा चालताल? बोलायचं काम हाये ते."

म्हणून दारात निवृत्ती आणि आत मी. अशा टाकीत शेवटची कधी शिरले होते आठवत नाही. गुडघे कुरकुरले. निवृत्ती बाहेरून, "मॅडम, हायेत का?" मी आतून पत्र्यावर दोनदा टकटक. "चैत्रालीताई?" "हाये, हाये!" तीही त्याच्यासारखीच म्हणायला लागली.

आत विजेरी मारली. त्या जागेचा पत्रा अगदी गुळगुळीत. एक खड्डा नाही, एक ओरखडा नाही. पाच मिलिमीटरपर्यंत झिजलेली भिंत अशी दिसत नाही. चैत्रालीने काकवी लावली, प्रोब टेकवला.

सात.

झिजलेली भिंत कुठूनही मोजली तरी तेवढीच भरते. बाहेरून पाच तर आतूनही पाच. इथे बाहेरून पाच, आतून सात. पाच आणि सात बारा. पत्रा पूर्ण आहे. फक्त त्याच्या पोटात एक फट आहे. कारखान्यात पत्रा लाटला तेव्हाच राहिलेली. घडीच्या पोळीचा पदर सुटतो तशी. आवाज तिथपर्यंत जातो आणि फटीवर आपटून परत येतो, दोन्ही बाजूंनी. झीज नाहीच. टाकी जन्मापासून अशीच आहे, आणि तशीच वाफ कोंडत आली आहे.

चैत्राली एवढ्या जोराने ओरडली की टाकीभर आवाज घुमला आणि निवृत्ती बाहेरून किंचाळला, "काय झालं? काय झालं ताई?" ती म्हणाली, "सात झालं!" तो म्हणाला, "सात वाजून गेले की कवाच!"

मी हसले. आवाज करून. थांबवताच येईना. काकवीने माखलेला हात चैत्रालीच्या पाठीवर ठेवला, तो तिच्या सूटला चिकटला, त्यावर दोघी आणखी हसलो. हसणं बोलण्यात धरतात का, डॉक्टरांना विचारायला हवं.

बाहेर आले तर इनायत लिंबाचं सरबत आणि दोन खुर्च्या घेऊन उभा. हनियाला फोन चैत्रालीने केला. मी फक्त शेजारी उभी होते. फोनमधून पलीकडचा आनंद मलाही ऐकू येत होता.

ते झीज नाही हे मला सोमवारीच कळायला हवं होतं. वाफेच्या समोर पातळ म्हणजे झीज, हे मी इतक्या ठामपणे जाणते की कडेला काय आहे ते पाहिलंच नाही. माझी ईमेल गेली असती तर त्या फोनमध्ये वेगळाच आवाज असता. हे लिहून ठेवते आणि पुढे जाते.

संध्याकाळी गुरुप्रसादांना पाटीवर लिहून दाखवलं, "आत जाऊन पाहिलं." त्यांनी विचारलं, "मग?" मी आकडे लिहिले. ते म्हणाले, "म्हणजे मला थोडं कळतं." मी पाटी पुसली.

११ जुलै, गुरुवार

अरुणकुमार इतक्या सहज ऐकणाऱ्यातले नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यांचे प्रश्न चांगले होते. फट पत्र्याला समांतर आहे की तिरकी? जवळच्या वेल्डपर्यंत पोचते का? तिरकी असेल, वेल्डला भिडत असेल तर वाढू शकते. मग टाकी बादच.

चैत्रालीने दिवसभर फटीची पूर्ण सीमा शोधून खडूने आखली. तिरक्या कोनातला प्रोब लावूनही पाहिलं. जिथे जिथे बाहेरून पाच, तिथे तिथे आतून सात. कुठेही बदल नाही. वेल्डपासून चांगली लांब. खडूची आकृती पालथ्या होडीसारखी दिसते. अरुणकुमारांनी स्वतः प्रोब हातात घेतला, काकवीत बोट बुडवलं, थोडा विचार केला आणि कुणी बघत नाही असं पाहून चाटलं. मी बघत होते.

"पाण्याच्या दाबाची चाचणी करू," म्हणाले. "पास, तो मेरा लाल पट्टी वापस मेरे पॉकेट में."

१४ जुलै, रविवार

डॉक्टर नयनांनी घसा पाहिला. बोला म्हणाल्या, पण हळू आणि थोडं. ओरडणं कायमचं बंद. पहिलं वाक्य मी त्यांनाच विचारलं, हसणं बोलण्यात धरतात का? त्या म्हणाल्या, "कोण हसलं?"

आवाज खालच्या पट्टीतला आला आहे. माझा वाटत नाही. गुरुप्रसादांना म्हटलं, "आता मी बोलू शकते." ते म्हणाले, "हो का. बरं. तर मी काय सांगत होतो," आणि सकाळी अर्धी राहिलेली मासेवाल्याची गोष्ट पुढे सुरू केली. मी ऐकली. शेवट चांगला होता.

१५ जुलै, सोमवार

पाण्याची चाचणी.

सकाळी साइटवर पोचले आणि म्हटलं, "चला, सुरू करू." सगळे एकदम ताठ उभे राहिले. निवृत्तीच्या हातून पाना पडला. दोघं जण उगाचच टाकीच्या मागे गेले. का कोण जाणे. मी चहा मागवला, तेव्हा परत आले.

टाकी पाण्याने भरली, पंपाने दाब चढवला, चालवतात त्यापेक्षा बराच वर. मग पंप बंद करून काटा पाहत बसायचं. काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय किंवा पत्रा ताणला जातोय. हनिया खुर्ची घेऊन काट्यासमोर बसली. तिचा एक चुलत भाऊही आला होता. गोरा, सुगंधी, फोनवर. तो उभाच राहिला. अरुणकुमारांनी घड्याळ लावलं. चैत्राली खडूच्या आकृतीभोवती फिरत हाताने पत्रा चाचपत होती. गात होती. मी काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ते थांबलं असतं तर मला भीती वाटली असती.

काटा हलला नाही.

वेळ झाली, अरुणकुमार म्हणाले, "ओके." एवढंच. हनियाने चैत्रालीला मिठी मारली, मग मला, मग इनायतसमोर क्षणभर थबकून त्याला लांबूनच हात जोडले. निवृत्तीच्या माणसांनी परांचीवर पाने वाजवले. तो भाऊ काट्याकडे पुन्हा एकदा पाहून म्हणाला, "मबरूक," म्हणजे अभिनंदन, आणि खरंच हसला. मग हनियाला अरबीत काहीतरी विचारलं. तिने नंतर सांगितलं, पहिल्या घाण्यातले दोन डबे आईसाठी ठेव म्हणाला.

अरुणकुमारांनी लाल पट्टी सोडली, नीट घडी घातली आणि खिशात टाकली.

१६ जुलै, मंगळवार

कुणालशी बोलले. हळू आणि थोडं. समैस्माचा अहवाल चैत्रालीच्या सहीने जाईल आणि यापुढचेही जातील. तिच्या परीक्षा केव्हाच झाल्या आहेत. अडलं होतं ते माझ्या शिफारशीपाशी. कुणाल म्हणाला, "तीन वर्षं ती वाट बघतेय, मॅडम." मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "सांगायचं कधी?"

मी काय करणार, असं त्याने विचारलं. तरुण मुलांना शिकवीन म्हटलं. तो जरा दचकला. मग म्हणाला, "हळू आवाजात ना?"

चैत्रालीला जिन्यात सांगितलं. ती तिथेच खाली बसली आणि आधी रडली, मग म्हणाली, "काकू, आर यू शुअर?" मी म्हटलं, "मॅम. कामाचं बोलणं चाललंय."

१८ जुलै, गुरुवार

समैस्मा. सकाळी बॉयलर पेटवला. टाकीत वाफ आली. पहिले दोन ट्रक दाराशी उभे होते, खजुराचा वास कुंपणाबाहेरपर्यंत. इनायत प्रत्येक खोका उघडून पाहत होता आणि ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसले होते. यल्ला, यल्ला, चला, चला, हनिया ओरडत होती. आवाज छान मोकळा आहे तिचा. पण घसा जपायला तिला सांगायला हवं.

हस्तांतराची नोंद पुढीलप्रमाणे.

सुपूर्द केलं: वाफेच्या टाकीच्या संपूर्ण पत्र्याचा जाडीचा नकाशा. पत्र्याच्या पोटातल्या फटीचं रेखाटन, बाहेरून पाच आणि आतून सात, मापांसह. पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा अहवाल. टाकीवर पक्क्या रंगात रंगवलेली फटीची सीमा. दर वर्षी याच सीमेवर पुन्हा मोजावं अशी लेखी शिफारस. मॅनहोलच्या किल्ल्या.

घेणार: हनिया, कारखान्याच्या मालकीण.

देणार: चैत्राली, तपासणी अभियंता. सही तिची.

साक्षीदार: सुहासिनी. इनायत.

तोंडी सूचना: नाहीत.